सिपनाकाठचा परदेश

'मिशन' हा शब्द आम्हां वऱ्हाडातील कॅथोलिक कुटुंबांच्या तोंडी इतका रुळला आहे, की त्याचा मूळ अर्थ काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनची विहीर, मिशनच्या आवारातील चिंच, असे हे नाव आमच्या रोजच्या जगण्याला चिकटून गेले आहे. 'पाठवणे' हा त्या शब्दाचा गाभा मात्र त्यात कुठे तरी मागे पडला. कोणी तरी कोणाला तरी पाठवतो आणि तो निघतो, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या बाबतीत पाठवलेला माणूस नेहमी दुरून आला आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या वाटेच्या शेवटी उभे राहिलो.

ती वाट खरोखरच लांबची होती. फादर पीटर मेरी मर्मिए यांनी १८३८ साली आल्प्स पर्वताच्या कुशीतील ॲनसी या गावी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला आणि १८४५ साली त्या संघाचे पहिले मिशनरी भारताकडे निघाले. त्यांचा सव्हॉय प्रांत तेव्हा फ्रान्समध्येदेखील नव्हता. तो सार्डिनियाच्या राज्यात मोडत असे. सुएझचा कालवा खुला होण्यास अजून २४ वर्षे अवकाश होता. पाँडिचेरीस उतरून ही मंडळी १८४६ साली विशाखापट्टणम्‌ला पोहोचली आणि तेथून कामठी-नागपूरच्या बाजूला सरकत गेली. पुढे १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला आणि त्यातून १९५५ साली आमचा अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला. बर्फाच्या मुलखात वाढलेल्या त्या माणसांनी वऱ्हाडचा वैशाख कसा सोसला असेल, याची कल्पना आजही करवत नाही. त्या ऋणाची जाणीव आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हांला दिली. परंतु ऋणाबरोबर एक सवयही लागली. मिशनकार्य म्हणजे समुद्रापलीकडून येणारी गोष्ट, असे आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी ही सवय एका साध्या प्रसंगाने हलली. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची कन्या कॅनडात असते. तिच्या तेथील धर्मग्रामाची तरुण मंडळी दहा दिवसांच्या मिशन-यात्रेसाठी दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात गेली होती. सुट्टीवर आली असताना तिने रविवारच्या मिस्सानंतर सभागृहात त्या यात्रेची चित्रे दाखवली. शाळेच्या भिंतींना रंग देणारी मुलेमुली, लांबट होडीतून केलेला नदीचा प्रवास, झाडांच्या शेंड्यांतून बांधलेला दोरांचा झुलता पूल, आणि बारा महिने ओल्या असणाऱ्या त्या अरण्याचा काळपट हिरवा रंग. तिने सारे मनापासून सांगितले आणि आम्हीही मनापासून ऐकले. कार्यक्रम संपता संपता एका मुलाने विचारले, "फादर, आपलं धर्मग्राम परदेशी मिशनला केव्हा जाणार?" धर्मगुरू हसले आणि म्हणाले, "पासपोर्ट लागत नाही असा एक परदेश मला ठाऊक आहे. येता का?"

तो परदेश म्हणजे मेळघाट. अमरावतीहून धारणीचे अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. आमच्यापैकी बहुतेकांनी चिखलदरा पाहिलेला होता. भीमकुंडापाशी उभे राहून छायाचित्रे काढली होती, चिखलदऱ्याला लागून असलेल्या मरियमपूर या मिशनच्या जुन्या गावीही काहीजण जाऊन आले होते. परंतु घाटमाथ्यावरची थंड हवा खाऊन परतणे वेगळे आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरून कोणाच्या तरी ओसरीवर मुक्काम करणे वेगळे. अमरावतीची तीन आणि अकोल्याची दोन अशा पाच कुटुंबांतील आम्ही अकरा जण जुलैच्या अखेरीस दोन गाड्यांतून निघालो. बरोबर कपड्यांची गाठोडी, औषधांचे खोके, दुधाच्या भुकटीचे डबे आणि मुलांसाठी वह्या होत्या. त्या भागात काम करणाऱ्या एक धर्मभगिनी आम्हांला परतवाड्याला येऊन मिळाल्या.

परतवाडा सोडून घटांगच्या बाजूने रस्ता चढू लागला आणि सपाट काळ्या मातीचा वऱ्हाड पाठीमागे राहिला. ज्यांनी मेळघाट केवळ एप्रिल-मे महिन्यांत पाहिला असेल, त्यांना पावसाळ्यातील मेळघाट ओळखता येणार नाही. ही काही इक्वेडोरसारखी सदा ओली राहणारी वर्षावने नव्हेत. येथे पाऊस मुख्यतः चार महिनेच असतो, आणि उन्हाळ्यात सागाची पाने गळून डोंगर उघडे पडतात. वनशास्त्रात या जंगलाला शुष्क पानझडीचे जंगल म्हणतात. परंतु त्या चार महिन्यांत ते उरलेल्या आठ महिन्यांची भरपाई करून घेते. सागाच्या ताटाएवढ्या पानांवर पावसाचा एकसारखा ताशा वाजत होता. शेंड्यांवर फिक्या पांढऱ्या फुलांचे तुरे आलेले होते, बांबूची बेटे पाण्याच्या भाराने रस्त्यावर वाकली होती आणि प्रत्येक वळणावर एखादा नवा ओहोळ डोंगरावरून उडी घेत होता. सेमाडोहजवळ सिपना नदी दिसली ती दुथडी भरून, लाल मातीच्या रंगाची. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या मेळघाटच्या पाचही नद्या अखेरीस तापीला मिळतात. त्या सगळ्या त्या दिवशी एकाच वेळी घाईने निघाल्यासारख्या वाटत होत्या.

हरिसालच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आम्हांला आतल्या एका गावी जायचे होते. दिवेलागणीच्या सुमारास अलीकडच्या वस्तीपर्यंत पोहोचलो तेव्हा पुढच्या नाल्यावरील रपटा पाण्याखाली गेला होता. चालक म्हणाला, "गुडघाभरच आहे, काढतो गाडी." तेवढ्यात काठावर घोंगडी पांघरून बसलेले एक वृद्ध कोरकू गृहस्थ उठून आडवे उभे राहिले. पाण्याच्या कडेला त्यांनी एक काठी रोवून ठेवली होती. ती दाखवून ते कोरकू वळणाच्या हिंदी-मराठीत म्हणाले, "अभी नाही, भाऊ. पाणी चढून राह्यलं. तो दगड दिसू द्या, मग जा." दगड कोठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच दिसत नव्हते. अर्ध्या तासात काठीचे टोकही दिसेनासे झाले आणि वरून वाहून आलेला एक ओंडका रपट्यावरून भिरभिरत गेला. त्यानंतर चालकाने गाडीचे नाव काढले नाही.

त्याच काठावर आणखी एक बाई थांबलेली होती. तिच्या कडेला दहा महिन्यांचे मूल होते आणि त्याला दोन दिवसांपासून ताप होता. गावच्या आशाताई तिच्याबरोबर होत्या. धारणीच्या सरकारी दवाखान्यात मुलाला न्यायचे, तर वाटेत दोन नाले होते. एक आमच्या समोरचा आणि दुसरा आम्ही नुकताच ओलांडून आलेला, जो आता आमच्या पाठीमागे चढला होता. अशा रीतीने आमच्या दोन गाड्या, औषधांचे खोके, ती माता आणि ते मूल असे सगळे एकाच पाण्याने एकाच जागी अडवले.

त्या रात्री वस्तीने आम्हांला वाटून घेतले. कोरकूंच्या गावाची रचना पाहण्यासारखी असते. मधून एक रुंद मोकळी वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंडे केलेल्या घरांच्या सरळ ओळी. बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा गिलावा. आम्ही ज्या घरी उतरलो तेथील आजीने कुटकीचा भात आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी पुढे ठेवली. श्रावणातले ते दिवस या डोंगरात सर्वांत टंचाईचे असतात, हे धर्मभगिनींनी आम्हांला हळूच सांगितले. मागचे धान्य संपत आलेले असते, नवे अजून शेतात असते, रस्ते तुटतात, आईवडील पेरणी-निंदणीत अडकलेले असतात आणि नेमकी तेव्हाच लहान मुले आजारी पडतात. मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी १९९३ साली सगळा महाराष्ट्र हादरला होता. त्या बातम्यांच्या मुळाशी असलेले हे गणित आम्ही वर्तमानपत्रात वाचले असेलही, परंतु ते त्या थाळीत प्रथम दिसले. आमच्यातील एका भगिनीने बरोबर आणलेली बिस्किटे पुढे करून स्वतःचा भात परत देऊ पाहिला. आजीने थाळी पुन्हा तिच्याकडे सरकवली. प्रभू येशूने शिष्यांना पाठवताना झोळीही घेऊ नका आणि घरचे लोक जे समोर ठेवतील ते खा, असे बजावल्याचे संत लूक सांगतो. आजवर आम्हांला हा उपदेश साधेपणाचा वाटे. पाहुण्याने यजमानाचा मान राखावा, हाही त्याचा अर्थ आहे, हे त्या थाळीसमोर ध्यानी आले.

शेजारच्या घरात आशाताई बाळाजवळ बसून होत्या. घड्याळ समोर धरून त्या बाळाचे श्वास मोजत; एका मिनिटात किती, ते वहीत लिहीत. आपल्या पेटीतील औषधाचा पहिला डोस त्यांनी वजन पाहून दिला होता आणि पुढचा केव्हा द्यायचा हे आईला दोनदा समजावले होते. आमची खोकी उघडली तेव्हा त्यांतील शक्तिवर्धक बाटल्या त्यांनी बाजूला ठेवल्या आणि एक तापमापक व क्षारसंजीवनीची पाकिटे तेवढी मागून घेतली. आमच्याकडे करण्यासारखे फारसे काही नव्हते. आम्ही ओसरीवर बसून जपमाळेची प्रार्थना केली. बाळाच्या आजीने प्रार्थना संपेपर्यंत आमच्या शेजारी हात जोडून ठेवले. ती कोणाला आळवत होती हे आम्ही विचारले नाही.

पाऊस धरून होता. झोप कोणालाच नव्हती. तेव्हा घरातली दहा-अकरा वर्षांची मुलगी आमची शिक्षिका झाली. तिने बाहेर बोट दाखवून म्हटले, 'दा'. दा म्हणजे पाणी. जेवणे म्हणजे 'जोम'. वाघाला 'कुला'. आमच्या उच्चारांवर ती तोंडात पदर कोंबून हसे आणि पुन्हा म्हणायला लावी. अमरावती जिल्ह्यात जन्म घालवलेल्या आम्हां अकरा जणांपैकी एकालाही जिल्ह्यातल्याच या भाषेचा एकही शब्द तोपर्यंत ठाऊक नव्हता.

परत आल्यावर आम्ही या भाषेविषयी थोडे वाचले. कोरकू ही मराठी-हिंदीच्या घराण्यातली नाही आणि गोंडीप्रमाणे द्रविड घराण्यातलीही नाही. ती मुंडा घराण्यातली आहे. तिच्या सख्ख्या बहिणी मुंडारी आणि संथाली या दूर झारखंडात नांदतात, आणि तिचे लांबचे आप्त थेट कंबोडिया-व्हिएतनामपर्यंत पसरले आहेत. व्हिएतनामच्या डोंगराळ भागातील काही जमातींच्या बोलीत पाण्याला 'दाक' म्हणतात. तेथील डाक लाक या प्रांताच्या नावात तोच शब्द आहे. त्या मुलीने ओसरीवर बसून शिकवलेला 'दा' हा असा समुद्रापलीकडच्या पर्जन्यवनांपर्यंत पोहोचणारा होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून कोरकू बोलणाऱ्यांची संख्या सुमारे सव्वासात लाख भरली. 'कोरकू' या नावाचा अर्थही साधाच आहे. कोरो म्हणजे माणूस, कू हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे साहजिक आहे. हा इंग्रज येशूसंघी १५७९ साली गोव्यास आला आणि सासष्टीच्या खेड्यांत लोकांची भाषा शिकत राहिला. १६१६ साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले, तेव्हा त्याला या भूमीवर येऊन सदतीस वर्षे झाली होती. मराठी वाचक त्याला परका मानत नाही, कारण त्याने आपल्याला काही दिले त्याआधी आपल्याकडून भाषा घेतली. दहा दिवसांची यात्रा असो वा तीन दिवसांची, तिला या कसोटीवर उतरणे अवघड आहे. परंतु कसोटी कोणती, हे तरी माहीत असावे.

पहाटे चारच्या सुमारास पाऊस थांबला. उजाडता उजाडता ते वृद्ध गृहस्थ दारात आले आणि म्हणाले, "दगड दिसला." पाठीमागचा नालाही उतरला होता. धारणीकडे ताबडतोब निघणे भाग होते, आणि एका गाडीत माता, मूल, आजी, आशाताई व धर्मभगिनी बसवायच्या, तर सामान उतरवावे लागणार होते. खोकी आणि गाठोडी आम्ही ओसरीवर रचून ठेवली. ती त्या वस्तीच्या हवाली करून गाडी धारणीला गेली. न्यूमोनिया आहे, वेळेत आणले, असे तेथील डॉक्टर म्हणाले. पाच दिवसांनी बाळ घरी गेल्याचा निरोप धर्मभगिनींनी पाठवला. आमच्या अकरा जणांच्या तयारीतून त्या बाळाच्या उपयोगी पडले ते एवढेच: एक तापमापक, चार पाकिटे आणि मोकळी केलेली गाडी. बाकी सारे त्या काठीने, त्या घड्याळाने आणि रात्रभर जागणाऱ्या दोन बायांनी केले. अशाच चिकाटीने डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडला आपले उभे आयुष्य घातले, आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांना बैरागड नकाशात शोधावे लागले.

परतीच्या वाटेवर आम्ही अकोल्याच्या मंडळींबरोबर परतवाडा-अंजनगावमार्गे अकोटला गेलो. अकोट तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मेळघाटातून उठून आलेली गावे वसलेली आहेत. मेळघाट हा १९७३-७४ साली घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. वाघाला निर्वेध जागा मिळावी म्हणून आतील गावे बाहेर हलवण्यात आली. अमोना, नागरतास, केलपाणी, गुल्लरघाट ही नावे मूळची जंगलातली. जानेवारी २०१९ मध्ये यांपैकी काही गावांतील लोक सोयींच्या तक्रारी घेऊन पुन्हा जंगलात शिरले आणि तेथे झालेल्या संघर्षात दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. अशा एका वस्तीत आम्हांला एक वृद्धा भेटली. घर पक्के होते, वीज होती, रस्ता दारापर्यंत होता. दवाखाना जवळ आला, हे तिच्या सुनेने समाधानाने सांगितले. म्हातारी मात्र उत्तरेकडच्या डोंगराच्या निळ्या रेघेकडे हात करून म्हणाली, "आमचे मेलेले तिकडे राहिले." कोरकू आपल्या मृतांच्या नावे सागाच्या फळीवर घोडेस्वार, सूर्य आणि चंद्र कोरून ती रोवतात. गाव उठते तेव्हा त्या फळ्या तेथेच राहतात. सून आणि सासू दोघीही खरे बोलत होत्या, आणि वाघालाही जागा हवीच आहे. तिघांनाही न्याय मिळेल असा निवाडा करण्याचा अधिकार तीन दिवसांच्या पाहुण्यांना नाही. ऐकून घेण्याचे कर्तव्य मात्र आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, असा विचार मांडला. ॲमेझॉनच्या वर्षावनांविषयी ऑक्टोबर २०१९ मध्ये रोमला धर्मसभा भरली आणि पुढच्या वर्षी आलेल्या 'केरिदा ॲमेझोनिया' या पत्रात त्यांनी त्या अरण्यातील माणसांच्या हक्कांचे, संस्कृतीचे, निसर्गाचे आणि ख्रिस्तसभेचे स्वप्न एकत्र रंगवले. त्याच अरण्यात सिस्टर डोरोथी स्टँग या अमेरिकेत जन्मलेल्या धर्मभगिनी १९६६ पासून राबत होत्या. जंगल आणि तेथील लहान शेतकरी यांच्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून १२ फेब्रुवारी २००५ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हे सारे आम्ही आमच्या सभागृहात वाचले होते, त्यावर व्याख्यानेही ऐकली होती. ॲमेझॉनसाठी प्रार्थना करणाऱ्या आम्हांला अकोटच्या उत्तरेला दिसणारी ती निळी रेघ मात्र त्या प्रार्थनेत कधी दिसली नव्हती.

ख्रिस्तसभेने मिशनकार्यासाठी दोन आश्रयदाते नेमले आहेत. एक संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांनी गोव्यापासून जपानपर्यंतचे समुद्र पालथे घातले. दुसरी बाळ येशूची संत तेरेजा, जी मठात गेल्यावर अखेरपर्यंत मठाबाहेर पडली नाही. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी तिला हा मान दिला. अंतराचा हिशेब परमेश्वर कसा करतो, हे या जोडीवरून कळावे. ज्यांना इक्वेडोरला जाण्याची संधी मिळते त्यांनी अवश्य जावे. ॲनसीहून निघालेली माणसे घरीच बसली असती तर आज आम्ही हे लिहीत नसतो. आणि ज्यांना जाता येत नाही त्यांनी आपल्या जिल्ह्याचा नकाशा एकदा शांतपणे उलगडून पाहावा.

अमरावतीत परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक कोरकू मुलगी आता दर रविवारी मिस्सानंतर अर्धा तास आम्हांला तिची भाषा शिकवते. सुरुवातीला अकरा जण बसत, आता सहा उरले आहेत. क्रियापदे अवघड जातात आणि उच्चारांवर आमची शिक्षिका अजूनही हसते. पुढच्या पावसाळ्याआधी त्या वस्तीत पुन्हा जायचे आहे. यंदा गाडीत सामान कमी असेल. "बाळ कसं आहे?" एवढे एक वाक्य तरी त्या मातेला तिच्या भाषेत विचारता यावे, आणि तिचे उत्तर आम्हांला कळावे, यासाठी वाचकांनी आपल्या प्रार्थनेत आमची आठवण ठेवावी.